अडसर नक्की कोणत्या बाजूला? क्लॉइस्टर आणि मठातला एकांत

कमानकर (धागाकर्ता)

नमस्कार.

युरोपातील जुन्या ख्रिस्ती मठांविषयी वाचताना एक शब्द सतत आडवा येतो आणि दर वेळी थोडा वेगळा अर्थ घेऊन येतो, म्हणून हा धागा काढत आहे. शब्द आहे क्लॉइस्टर. प्रवासवर्णनांत तो एका वास्तुभागासाठी वापरतात: चर्चला लागून असलेले चौकोनी अंगण, त्याच्या चारही बाजूंनी फिरणारा छपराखालचा कमानींचा मार्ग आणि मध्ये हिरवळ. चर्चच्या कायद्यात मात्र तो जागेपेक्षा नियमाचा शब्द आहे. मठवासीयांनी कोणती सीमा ओलांडायची नाही आणि बाहेरच्यांनी कोणत्या सीमेच्या आत पाऊल टाकायचे नाही, ती मर्यादा म्हणजे क्लॉइस्टर. जर्मन भाषेत तर 'क्लोस्टर' म्हणजे अख्खा मठच.

मूळ लॅटिन शब्द 'क्लाउस्ट्रुम'. त्याचा अर्थ अडसर, कडी, किंवा कडी लावून बंद केलेली जागा. बंद जागेच्या भीतीला आपण क्लॉस्ट्रोफोबिया म्हणतो, त्याचेही मूळ हेच. गंमत अशी की ज्या वास्तुभागाला हे अडसराचे नाव मिळाले, तो मठातला सर्वांत मोकळा भाग आहे. बाकी सगळीकडे छप्पर आहे आणि इथे मधोमध आकाश आहे. अंगण आहे, पण ते बाहेरच्या जगाकडे उघडत नाही, फक्त वर उघडते.

स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेनच्या ग्रंथालयात इ.स. ८२० च्या सुमाराचा एका आदर्श मठाचा आराखडा जपलेला आहे. चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून त्यावर तो काढलेला आहे. त्या आराखड्याबरहुकूम मठ कधी बांधला गेला नाही, पण काढणाऱ्याच्या मनात मठ म्हणजे काय होते, हे त्यातून स्वच्छ दिसते. चर्चच्या दक्षिणेला चौक, चौकाच्या एका अंगाला निजण्याची जागा, दुसऱ्या अंगाला भोजनगृह, तिसऱ्या अंगाला कोठार. पाहुण्यांची घरे, शाळा, जनावरांचे गोठे, कारागिरांच्या जागा हे सगळे या चौकाच्या बाहेर, पण मठाच्या आवारात. चौकातून बाहेरच्या आवाराकडे नेणारी एक खोली दाखवलेली आहे आणि तिच्यावर लिहिले आहे की ही ये-जा करण्याची वाट पाहुण्यांशी बोलण्यासाठी आणि पाय धुण्याच्या विधीसाठी आहे. बंदिस्तपणाच्या नकाशात दाराच्या जागी बोलण्याची खोली असावी, हे मला फार बोलके वाटले.

आता नियमाकडे येतो. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिची ७३ प्रकरणे आहेत. ६६ व्या प्रकरणात तो म्हणतो की शक्य झाल्यास पाणी, गिरणी, बाग आणि निरनिराळे हस्तव्यवसाय हे सर्व मठाच्या आतच असावे, म्हणजे मठवासीयांना बाहेर भटकण्याची गरज पडणार नाही, कारण ते त्यांच्या आत्म्याच्या हिताचे नाही. चौथ्या प्रकरणात सत्कर्मांची हत्यारे म्हणून एक लांबलचक यादी देऊन झाल्यावर तो शेवटी सांगतो की ही हत्यारे चालवण्याची कार्यशाळा म्हणजे मठाचे आवार आणि समुदायातील स्थैर्य. 'कार्यशाळा' हा शब्द त्याचाच आहे. तुरुंग नव्हे, आश्रयस्थान नव्हे, तर हत्यारे परजून काम करण्याची जागा.

माझे मत असे बनत चालले आहे की मठातील एकांताचा जगापासून पळण्याशी फारसा संबंध नाही. त्याचा संबंध एका जागी टिकून राहण्याशी आहे. बेनेडिक्टच्या मठात दाखल होताना जी वचने द्यावी लागतात, त्यांत 'स्थैर्य' हे एक वचन आहे, म्हणजे मरेपर्यंत याच समुदायात राहीन असा शब्द. पळून जाणाऱ्याला उलट वचन द्यावे लागले असते. पण हे मत एकांगी आहे का, अशी शंकाही आहे. जाणकारांनी लिहावे.

---

शब्दवेल्हाळ

उत्तम विषय. माझा प्रश्न भाषेपुरता आहे. क्लॉइस्टरला मराठीत काय म्हणावे? काही जण 'मठ' म्हणून मोकळे होतात, ते चुकीचे आहे. वास्तुभागासाठी माझ्या डोळ्यासमोर पहिल्यांदा 'ओवऱ्या' आल्या: प्राकाराच्या भिंतीला आतून लागून असलेले, पुढून उघडे, कमानींचे खण. चौकाभोवती फिरतात, ऊन-पावसापासून आडोसा देतात आणि तरी उघड्यावर असल्यासारखे वाटते. फरक इतकाच की ओवरीत माणूस बसतो, टेकतो, मुक्काम करतो. क्लॉइस्टर हा मुख्यतः चालण्याचा मार्ग आहे.

नियमाच्या अर्थासाठी 'बंदिवास' अजिबात नको. त्यात निकाल आधीच लागलेला आहे. मी 'आवारबंधन' सुचवतो. बंधन स्वतःहून घातलेलेही असते आणि दुसऱ्याने घातलेलेही असते, त्यामुळे चर्चेला जागा उरते.

---

कमानकर

'ओवऱ्या' आवडले आणि 'आवारबंधन' या धाग्यापुरते तरी स्वीकारले. मात्र ओवरीत बसतात आणि क्लॉइस्टरमध्ये चालतात, हा फरक तितका पक्का नाही. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे चौकाच्या दक्षिणेकडील मार्गात खिडक्यांखाली दगडात कोरलेले वीस छोटे कोनाडे आहेत, प्रत्येकात एक मठवासी बसून वाचू-लिहू शकेल असे. उजेड बाहेरून, पाठीशी ये-जा. हाच मार्ग मठाचे वाचनालय होता, धुण्याची जागा होती आणि मिरवणुकीचा रस्ताही होता.

---

मुक्काम पोस्ट वाळवंट

धागाकर्त्यांनी सुरुवात नवव्या शतकातल्या चौकापासून केली आहे, पण एकांताची कल्पना चौकाच्या पाचशे वर्षे आधीची आहे आणि तिला भिंत नव्हती. तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जे लोक गेले, त्यांच्याकडे अडसर लावायला दार असलेच तर ते एका खोपटाचे. 'मंक' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ एकटा, एकाकी. 'हर्मिट' या शब्दाच्या मुळाशी वाळवंट आहे. 'अँकराइट' म्हणजे मागे सरलेला, माघार घेतलेला. तिन्ही शब्द निर्जनतेचे आहेत.

मग इ.स. ३२० च्या सुमारास पाखोमियसने वरच्या इजिप्तमध्ये ताबेन्निसी येथे अशा लोकांना एका आवारात, एका दिनक्रमाखाली आणले. या पद्धतीचे ग्रीक नाव 'सामाईक जीवन' या अर्थाचे आहे. म्हणजे नाव एकट्याचे आणि जगणे दहाजणांचे, हा विरोधाभास अगदी आरंभापासून आहे. मठाची भिंत एकट्या माणसाने बांधलेली नाही. एकत्र राहायचे ठरल्यावर ती लागली.

वाळवंटातल्या वडीलधाऱ्यांची जी वचने संग्रहित आहेत, त्यांत अब्बा मोझेस यांचे एक प्रसिद्ध आहे. उपदेश मागायला आलेल्या बंधूला त्यांनी सांगितले: जा, आपल्या कोठडीत बस, तुझी कोठडीच तुला सारे काही शिकवील. हे वाक्य हल्ली फार गोड करून सांगितले जाते. प्रत्यक्षात कोठडी पहिल्यांदा काय शिकवते, हे पोंटसच्या एवाग्रियसने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. त्याने ज्या आठ कुविचारांची यादी केली, त्यातल्या एकाला तो 'अकेडिया' म्हणतो. मराठीत मी त्याला 'उबग' म्हणेन. याला 'दुपारचे भूत' म्हणत. पण ते सकाळी दहाच्या सुमारासच येते. सूर्य सरकतच नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा होतो, माणूस पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर पाहतो, कुणी बंधू येतो आहे का म्हणून इकडे-तिकडे नजर टाकतो, मग जागेचा तिटकारा येतो, कामाचा तिटकारा येतो, आणि आपण दुसरीकडे असतो तर देवाला अधिक प्रिय झालो असतो अशी खात्री पटू लागते.

शेवटचा भाग पाहा. उबगाला बाहेर जायचे असते, पण तो स्वतःला बाहेर जाण्याची इच्छा म्हणत नाही; तो स्वतःला अधिक चांगल्या जागेचा शोध म्हणतो. आवारबंधन हे या युक्तीवरचे उत्तर आहे. त्यामुळे धागाकर्त्यांच्या 'टिकून राहणे' या मताशी मी सहमत आहे, फक्त ते चौकातून नव्हे तर खोपटातून आले, एवढीच दुरुस्ती.

---

हिशेबनीस

चर्चा सुंदर चालली आहे, पण मी जरा पाणी ओततो.

चौकाला चार बाजूंनी छप्पर का? कारण पाऊस आणि बर्फ पडतो, आणि माणसांना चर्चमधून भोजनगृहात व भोजनगृहातून निजायला न भिजता जायचे असते. चौक बहुधा चर्चच्या दक्षिणेला का? कारण चर्चची उंच भिंत उत्तरेला असली की वारा अडतो आणि ऊन मिळते. जिथे जागेची किंवा पाण्याची सोय उत्तरेला होती तिथे तो उत्तरेला बांधला, उदाहरणार्थ तुमचे ग्लॉस्टर, किंवा कँटरबरी. वास्तू सोयीतून घडते. अर्थ मागाहून चिकटतो. याचा उत्तम पुरावा म्हणजे सॉल्सबरी. तिथल्या कॅथीड्रलमध्ये मठवासी कधीच नव्हते, तिथे स्वतंत्र घरांत राहणारे पुरोहित होते, आणि तरीही तेराव्या शतकात त्यांनी इंग्लंडमधला सर्वांत मोठा क्लॉइस्टर बांधून घेतला. कुणाला बंद करायचे होते? कुणालाच नाही. तो रुबाबदार दिसतो, मिरवणुकीला बरा पडतो, म्हणून बांधला.

दुसरे, गिरणी आणि बाग आतच असावी हा नियम आध्यात्मिक वाटतो, पण ज्या मठांकडे दूरदूरच्या जमिनी होत्या त्यांच्या मठवासीयांना खंडवसुली, दावे आणि बाजार यांसाठी सतत बाहेर जावे लागे. बेनेडिक्टलाही हे ठाऊक होते. पुढच्याच, ६७ व्या प्रकरणात प्रवासाला पाठवलेल्या बंधूंचे नियम आहेत.

तिसरे, चौकातली शांतता ध्यानाला पोषक होती असे आपण गृहीत धरतो. क्लेर्वो मठाचा प्रमुख बर्नार्ड तसे मानत नव्हता. इ.स. ११२५ च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रवजा निबंधात तो विचारतो की बंधू जिथे वाचतात त्या ओवऱ्यांत ही हास्यास्पद अक्राळविक्राळ चित्रे कशाला? ओंगळ माकडे, क्रूर सिंह, अर्धे मानव, लढणारे योद्धे, शिंगे फुंकणारे शिकारी, एका डोक्याला अनेक धडे आणि एका धडाला अनेक डोकी. पुस्तकापेक्षा संगमरवर वाचण्याचा मोह व्हावा, असे तो म्हणतो. आणि शेवटी टोला हाणतो: या वेडेपणाची लाज वाटत नसेल तर निदान खर्चाची तरी वाटू द्या. माझ्यासारख्याला हे शेवटचे वाक्य फार जवळचे वाटते.

---

कमानकर

हिशेबनीस, सॉल्सबरीचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मला ठाऊक असूनही मी सोयीस्करपणे विसरलो होतो. बर्नार्डबद्दल मात्र एक सांगतो. त्याची तक्रार तुमच्या बाजूची नाही, माझ्या बाजूची आहे. ओवऱ्या ही निव्वळ पावसापासूनची सोय असती तर स्तंभशीर्षांवर माकड कोरले की देवदूत, याने त्याचे काय बिघडले असते? फ्रान्समधील मोआसाक येथे इ.स. ११०० मध्ये पूर्ण झालेल्या चौकात ७६ कोरीव स्तंभशीर्षे आहेत. कुणीतरी त्यांवर भरपूर पैसा आणि विचार खर्च केला, आणि पंचवीस वर्षांनी दुसरा माणूस तशाच कोरीवकामावर भडकला. दोघांनाही ती जागा महत्त्वाची वाटत होती.

६७ व्या प्रकरणाचा उल्लेख केलात ते बरे झाले. त्यातला सर्वांत विलक्षण नियम हा आहे की बाहेरून परतलेल्या बंधूने तिथे पाहिलेले वा ऐकलेले काहीही दुसऱ्याला सांगू नये, कारण त्याने फार मोठी हानी होते. म्हणजे पाय बाहेर गेले तर चालतील, बातमी आत यायला नको. मला वाटते आवारबंधनाचा खरा कस इथे आहे.

---

निळी शाई

आतापर्यंतच्या सर्व प्रतिसादांत 'मठवासी' हा शब्द पुल्लिंगी आहे, हे कुणाच्या लक्षात आले का? स्थैर्य, कार्यशाळा, उबग, प्रवासाचे नियम, सगळे पुरुषांचे. स्त्रियांच्या मठांकडे वळलो की अडसर ही उपमा राहत नाही, खराखुरा अडसर होतो.

पोप बोनिफेस आठवा याने इ.स. १२९८ मध्ये जो आदेश काढला, तो त्याच्या पहिल्या शब्दावरून 'पेरिकुलोसो' म्हणून ओळखला जातो. जगात कुठेही असलेल्या, कोणत्याही संप्रदायाच्या सर्व मठवासिनींनी यापुढे कायम आवारात राहावे, असा तो हुकूम आहे. पुरुष मठवासीयांसाठी असा सरसकट आदेश निघाला नाही. बेनेडिक्टचा मठवासी मठाधिपतीच्या परवानगीने जमिनीची कामे पाहायला जाऊ शकत होता. मठवासिनीला तसे जाता येत नसेल तर तिच्या मठाने उत्पन्न कसे मिळवायचे? अनेक ठिकाणी हा आदेश पूर्ण पाळला गेला नाही, याचे एक कारण हेच व्यावहारिक होते. मग डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आपल्या २५ व्या बैठकीत तो पुन्हा बजावला, आणि अंमलबजावणीची जबाबदारी बिशपांवर टाकली. भेटीच्या खोलीत लोखंडी जाळ्या आणि सामान आत-बाहेर करण्यासाठी भिंतीत बसवलेले फिरते पिंप, ज्यात वस्तू ठेवणारा आणि उचलणारा एकमेकांना दिसत नाही, या गोष्टी त्या शिस्तीच्या खुणा झाल्या.

त्याच बैठकीने आणखी एक नियम केला, तो न्यायाने सांगायला हवा. सोळा वर्षे पूर्ण होण्याआधी अंतिम व्रत घेता येणार नाही, मुलीची इच्छा बिशपने किंवा त्याच्या प्रतिनिधीने तपासावी, आणि स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध मठात घालणाऱ्यास धर्मबहिष्कृत समजावे. नियम असा करावा लागतो तेव्हा तो गुन्हा सर्रास घडत असतो. व्हेनिससारख्या शहरात सरदार घराण्यांना मुलीच्या लग्नातला हुंडा परवडेना. मठात प्रवेशासाठीही रक्कम द्यावी लागे, पण ती त्या हुंड्यापेक्षा बरीच कमी असे. म्हणून एक मुलगी लग्नाला आणि उरलेल्या जाळीआड.

त्या उरलेल्यांपैकी एकीने लिहिले. अर्कांजेला ताराबोत्ती, जन्म १६०४, मृत्यू १६५२, व्हेनिसच्या सांत'आन्ना मठात जवळजवळ सारे आयुष्य. बापांच्या जुलमावर तिने लिहिलेला ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर १६५४ मध्ये छापला गेला आणि पुढे चर्चने त्यावर बंदी घातली. ताराबोत्तीबद्दल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की तिने मठाला सरसकट नरक म्हटले नाही. एका पुस्तकात तिने मठाचा स्वर्ग वर्णिला, तो स्वतःच्या इच्छेने आलेल्या स्त्रियांसाठी. दुसऱ्यात नरक वर्णिला, तो लोटल्या गेलेल्यांसाठी. इमारत तीच, जाळी तीच, प्रार्थनेचे प्रहर तेच.

त्यामुळे धागाकर्त्यांच्या शीर्षकाला माझे उत्तर सोपे आहे. अडसर आतून लावलेला असेल तर तो एकांत, बाहेरून असेल तर कैद. बाकी सारी वास्तुचर्चा आहे.

---

उत्तररात्र

निळी शाई यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. जवळजवळ सर्व मान्य. 'सोपे आहे' एवढे मात्र मान्य नाही, कारण काही स्त्रियांच्या बाबतीत अडसर कोणत्या बाजूने होता हे ठरवणे खरोखर कठीण आहे.

सोळाव्या शतकातली स्पॅनिश मठवासिनी, आविलाची तेरेसा घ्या. ती ज्या मठात वीसहून अधिक वर्षे राहिली, तिथे शंभरहून अधिक स्त्रिया होत्या, नातेवाइकांची ये-जा होती, सधन घरच्या स्त्रियांना ऐसपैस खोल्या होत्या आणि गरीब घरच्यांना सामाईक निजघर. तिने १५६२ मध्ये आपला छोटा मठ काढला तो अधिक कडक आवारबंधनाचा, म्हणजे ट्रेंटच्या आदेशाच्या एक वर्ष आधी. तिला जाळी हवी होती. जाळीमुळे दिवाणखान्यातली खानदानी बडबड आणि घराण्यांची प्रतिष्ठा बाहेर राहत होती. आणि हीच बाई १५६७ पासून पुढची पंधरा वर्षे स्पेनभर गाड्यांतून हिंडत नवे मठ काढत होती, इतकी की पोपच्या एका प्रतिनिधीने तिला चंचल, भटकी बाई म्हणून हिणवले.

किंवा इंग्लंडमधील नॉरिचची ज्युलियन. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पंधराव्याच्या आरंभी ती एका चर्चला लागून बांधलेल्या एका खोलीत कायमची बंद होती. अशा स्त्रीला कोंडताना अंत्यसंस्काराच्या प्रार्थना म्हणण्याची चाल होती. जगाच्या हिशेबी ती मेली. पण अशा खोलीला सामान्यतः एक खिडकी चर्चमध्ये उघडे आणि एक बाहेरच्या लोकांसाठी असे, तिला पडदा असे. १४१३ च्या सुमारास मार्जरी केंप नावाची एक अस्वस्थ, रडणारी, गावोगाव फिरणारी स्त्री तिच्याकडे सल्ल्यासाठी गेली आणि कित्येक दिवस दोघींचे बोलणे चालले. शहरातल्या गजबजलेल्या वस्तीत बंद खोलीत राहणारी बाई, आणि लोक तिच्याकडे येतात कारण ती हमखास घरी असते! तेराव्या शतकात अशा एकांतवासिनींसाठी लिहिलेल्या एका इंग्रजी मार्गदर्शिकेत सांगितले आहे की मांजराखेरीज कोणतेही जनावर पाळू नका. गाय पाळली की चाऱ्याची चिंता येते, ती कुणाच्या शेतात शिरली की भांडण येते. मांजराला मोकळीक आहे. (मांजरावर आवारबंधन चालत नाही, हे लेखकाला अनुभवाने ठाऊक असावे.)

---

निळी शाई

उत्तररात्र, तेरेसाचे उदाहरण मान्य, पण त्याच्या शेजारी मेरी वॉर्डला ठेवा. तिने १६०९ पासून स्त्रियांचा असा संघ उभा केला ज्याला जाळी नको होती. मुलींना शिकवायचे तर बाहेर जावेच लागेल, असे तिचे म्हणणे. १६३१ मध्ये पोपने तो संघ बरखास्त केला आणि तिला काही काळ एका मठात डांबले. आवारबंधन नाकारल्याची शिक्षा आवारबंधन. फ्रान्सिस द सालने आनसी येथे १६१० मध्ये काढलेल्या संघातल्या स्त्रिया आजाऱ्यांच्या घरी जात. काही वर्षांतच त्यांनाही जाळीआड जावे लागले.

यातून वाट काढली ती व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी, १६३३ मध्ये, आणि ती वाट चक्क शब्दांची होती. त्यांनी आपल्या स्त्रियांना मठवासिनी म्हणायचेच नाही असे ठरवले. व्हिन्सेंटने त्यांना सांगितले की आजाऱ्यांची घरे हाच तुमचा मठ, भाड्याची खोली हीच कोठडी, गावचे चर्च हेच प्रार्थनागृह, आणि शहराचे रस्ते हाच तुमचा क्लॉइस्टर. वाक्य काव्यमय वाटते, पण त्यामागे धोरण आहे: जिला क्लॉइस्टर नाही ती मठवासिनी नाही, आणि जी मठवासिनी नाही तिला १२९८ चा आदेश लागू नाही.

---

शब्दवेल्हाळ

हे फारच सुरेख. म्हणजे एका शब्दाच्या व्याख्येवर हजारो बायकांचे रस्त्यावर चालणे अवलंबून होते. भाषेपुरता प्रश्न म्हणून मी आत शिरलो होतो. आता माघार घेतो.

---

पायवाट

थोडे वेगळे. भिक्षूंच्या बौद्ध विहारांची रचनाही मध्ये चौक आणि भोवती कोठड्या अशीच असते, म्हणून दोन्हींची तुलना नेहमी होते. पण आराखडे शेजारी ठेवून पाहा. विहारात चौकावर कोठड्यांची दारे उघडतात, म्हणजे चौक एकेकट्या माणसांना जोडतो. बेनेडिक्टच्या चौकावर कोठड्या नाहीतच. तिथे भोजनगृह, सभागृह, निजघर अशी सामाईक दालने उघडतात. एकट्या माणसाला बंद करण्यासाठी दारच नाही.

दुसरा फरक अन्नाचा आहे. विनयाप्रमाणे, म्हणजे भिक्षूंच्या नियमसंग्रहाप्रमाणे, भिक्षूला रोज भिक्षेसाठी गावात जावे लागते, त्यामुळे गावाशी संबंध तुटू शकत नाही; एका जागी राहण्याचे बंधन फक्त पावसाळ्याच्या तीन महिन्यांचे, आणि त्यातही निकडीच्या कामासाठी सात दिवसांपर्यंत जाण्याची मुभा आहे. बेनेडिक्ट गिरणी आत आणतो. एकीकडे भाकरीसाठी बाहेर पडावे लागेल अशी तजवीज, तर दुसरीकडे पडावे लागू नये अशी. संन्यास दोन्हीकडे आहे, पण जगाशी ठेवायचे नाते आधी भाकरीने ठरवले आहे. 'सीमा' हा शब्द विनयात पारिभाषिक आहे. पण ती संघाने एकत्र जमण्याच्या क्षेत्राची आखणी आहे, कुणाला अडवण्याची रेघ नव्हे.

---

कमानकर

पायवाट, कोठड्या नसण्याचा मुद्दा फार नेमका आहे. त्याला ख्रिस्ती परंपरेतच एक मोठा अपवाद आहे. ब्रुनोने १०८४ मध्ये सहा सोबत्यांसह ग्रनोब्लजवळच्या डोंगरात जो मठ काढला, त्यातून निघालेला कार्थुसियन संप्रदाय. त्यांच्या मोठ्या चौकाभोवती प्रत्येकाचे स्वतंत्र छोटे घर असते: खाली लाकूडकामाची जागा, वर प्रार्थनेची आणि निजण्याची खोली, मागे भिंतीने वेढलेली चिमुकली बाग. दाराशेजारच्या कोनाड्यात जेवण ठेवले जाते. ठेवणारा दिसत नाही. मध्यरात्री सगळे चर्चमध्ये जमतात, रविवारी एकत्र जेवतात, आणि आठवड्यातून एकदा मिळून लांब फिरायला जातात व बोलतात. वाळवंटातली खोपटी ओळीने मांडून त्यांच्या दारांवरून ओवऱ्या फिरवल्या, असे ते दृश्य आहे. फ्लॉरेन्सजवळचा असा एक मठ १९०७ मध्ये पुढे नामांकित वास्तुरचनाकार झालेल्या तरुण ल कॉर्बुझिएने पाहिला आणि माणसांनी एकत्र राहूनही एकटे कसे राहावे याचा तो नमुना त्याने जन्मभर डोक्यात ठेवला. शहरी घरबांधणीच्या त्याच्या कल्पनांत तो पुन्हा पुन्हा डोकावतो.

निळी शाई, तुमच्या प्रतिसादांनंतर माझे पहिले मत जसेच्या तसे ठेवता येणार नाही. स्थैर्य हे वचन तेव्हाच वचन असते जेव्हा न देण्याचीही सोय असते. 'टिकून राहणे' हा शब्द मी फार सहज वापरला.

---

हिशेबनीस

शेवटची नोंद. न्यू यॉर्कमध्ये १९३८ साली उघडलेल्या एका संग्रहालयाचे नावच 'द क्लॉइस्टर्स' आहे. फ्रान्समधल्या पडझड झालेल्या मठांच्या ओवऱ्यांचे खांब आणि स्तंभशीर्षे विकत घेऊन, समुद्रापार नेऊन तिथे पुन्हा उभी केली आहेत. तिकीट काढून आत जायचे. अडसर संध्याकाळी, माणसे बाहेर गेल्यावर लागतो. मला ते बघून वाईट वाटत नाही. दगड निदान उन्हात आहेत.

---

मुक्काम पोस्ट वाळवंट

धागाकर्ते, एक राहिले. तुम्ही आरंभी ६६ व्या प्रकरणातले गिरणी-बागेचे वाक्य दिले, पण ते त्या प्रकरणाचा उत्तरार्ध आहे. प्रकरणाचे नाव मठाच्या द्वारपालाविषयी आहे आणि पूर्वार्ध त्याच्यावरच खर्च झाला आहे. बेनेडिक्ट म्हणतो की दारावर एक शहाणा म्हातारा ठेवावा, ज्याला निरोप घेता येतो आणि उत्तर देता येते, आणि वयाने पिकल्यामुळे ज्याला आता भटकावेसे वाटत नाही. त्याची खोली दारापाशीच असावी, म्हणजे येणाऱ्याला उत्तर देणारे कुणी ना कुणी सदैव असेल. कुणी दार ठोठावले किंवा एखाद्या गरिबाने हाक दिली की त्याने लगेच 'देवाची कृपा' म्हणावे किंवा आशीर्वाद मागावा, आणि तत्परतेने, प्रेमाने बोलावे. मदत लागली तर हाताखाली एक तरुण बंधू द्यावा.

---

कमानकर

खरे आहे. मी दार सोडून थेट गिरणीकडे गेलो होतो. प्रकरण पुन्हा काढून वाचले. दार कधी बंद ठेवायचे याविषयी त्यात एक अक्षरही नाही.